पूर ओसरल्यावरचे पंधरा दिवस

(मंडळाच्या नवनगर येथील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आज पूर आणि सरकारी मदत या विषयावर बोलायला सांगितले आहे. आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्याने विचारले, "नवनगरात कुठला आला पूर?" प्रश्न रास्त आहे. आपल्या जोडशहराला नदीच नाही. पण आपण पितो ते पाणी मलप्रभेचे. खानापूरच्या रानात कणकुंबीला उगम पावलेली ही नदी सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात अडते आणि तिथून नळाने आपल्या दारी येते. धरण भरले की आपण निश्चिंत होतो. त्याच दिवशी खालच्या अंगाला रामदुर्ग, कोण्णूर, होळेआलूर इथली माणसे अंथरूण-पांघरूण गुंडाळून ठेवतात, कारण दरवाजे उघडले की पाणी त्यांच्या दारी जाते.

दुसरे असे की आपल्यापैकी बहुतेक घरांचे मूळ या शहरात नाही. कुंदगोळ जमखंडीकरांच्या संस्थानात होते, लक्ष्मेश्वर मिरजकरांच्या, शिरहट्टी सांगलीकरांच्या. नरगुंद आणि रामदुर्ग भाव्यांचे. कुणाचे पणजोबा कारकून म्हणून आले, कुणाचे शिलेदार म्हणून, कुणी दुकान टाकले. पोटापाण्यासाठी आपण हुबळी-धारवाडला सरकलो, पण चार-आठ एकर काळी जमीन आणि एखादे माळवदी घर गावाकडे अजून आहे. एखादा चुलतभाऊ ते बघतो. नवलगुंद-कुंदगोळकडच्या मंडळींना बेण्णीहळ्ळ काय आहे ते मी सांगायला नको. एरवी गुडघाभर पाणी नसते आणि एका रात्रीत मुगाचे रान धुऊन नेतो. तेव्हा हा विषय आपला आहे.

मी बँकेत कारकून आहे, शिक्षणाने बी.कॉम. हवामान किंवा धरण यावर मी बोलणार नाही. पैसा कुठून निघतो, कसा येतो आणि कुठे अडतो, एवढेच मी पाहिले आहे.

सुरुवात शब्दापासून करतो. कन्नडमध्ये याला 'परिहार' म्हणतात. आपल्याकडे वर्तमानपत्रे कधी 'मदत' लिहितात, कधी 'नुकसानभरपाई'. या दोन शब्दांत फार अंतर आहे. सरकार पुरानंतर जे देते ती भरपाई नव्हे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली राज्याचा एक निधी आहे आणि केंद्राचा एक. दोन्हींच्या नावात 'प्रतिसाद' हा शब्द आहे. राज्याच्या निधीत आपल्यासारख्या राज्यासाठी केंद्र ७५ टक्के घालते आणि राज्य २५ टक्के. हा निधी आटला तर केंद्राच्या निधीतून भर मिळते. आणि यातून कशासाठी किती द्यायचे याचा दरतक्ता दिल्लीहून ठरून येतो. तुमचे घर दहा लाखांचे होते की दोन लाखांचे, हे तो तक्ता विचारत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. त्या वेळी लागू असलेल्या तक्त्यात सपाट प्रदेशातले पूर्ण पडलेले घर ९५,१०० रुपयांचे होते. कपड्यालत्त्यासाठी कुटुंबाला १,८००, भांड्यांसाठी २,०००. जिरायत पिकाला हेक्टरी ६,८००, बागायताला १३,५००, आणि तेही ३३ टक्क्यांहून अधिक नुकसान असेल तर. माणूस दगावला तर चार लाख. आपल्या राज्य सरकारने कुटुंबाला तातडीचे दहा हजार दिले, ते पाहा: १,८०० आणि २,००० मिळून झाले ३,८००, बाकीचे ६,२०० राज्याने आपल्या तिजोरीतून घातले. पडक्या घराला पाच लाख जाहीर केले, त्यात तक्त्याचे ९५,१०० आणि उरलेले ४,०४,९०० राज्याचे. पिकालाही हेक्टरी दहा हजार जादा दिले, म्हणून जिरायताचे १६,८०० झाले.

तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुरप्पा. मंत्रिमंडळ तयार नव्हते, एकटेच फिरत होते, त्यावर टीकाही झाली. पण घराला पाच लाख हा निर्णय मोठा होता, हे पक्ष बाजूला ठेवून मान्य करावे लागेल. माझा आक्षेप वेगळा आहे. ही वरची भर कोणत्याही नियमात नाही. त्या त्या सरकारच्या घोषणेत आहे. २०२२ नंतर केंद्राचा तक्ता वाढला, घराला १,२०,००० आणि जिरायताला ८,५०० झाले. २०२५ च्या सप्टेंबरात भीमेकाठी पूर आला तेव्हा राज्याने जादा घातले ते हेक्टरी ८,५००. म्हणजे एकदा दहा हजार, एकदा साडेआठ हजार. निवडणूक जवळ आहे का, विरोधी पक्ष किती ओरडतो आणि दिल्लीत कोण बसले आहे, यावर शेतकऱ्याची रक्कम ठरते. आपल्या आजोबांच्या काळी, धारवाड मुंबई इलाख्यात होते तेव्हा, १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांखाली तगाई मिळत असे. ती कर्जाऊ असे, फेडावी लागे, आणि मामलेदार सोडत नसे. ते दिवस परत यावेत असे कुणी म्हणणार नाही. पण तगाई, साऱ्याची सूट, तहकुबी आणि आणेवारी यांचे काही कोष्टक तरी होते. किती आणे पीक बुडाले की किती सारा माफ, हे गावच्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असे.

दिल्ली आणि बंगळूर यांच्यातली ओढाताण हा तर वेगळाच अध्याय. २०१९ ला राज्याने नुकसानीचा अंदाज ३५,००० कोटींच्या पुढे सांगितला. ऑक्टोबरात केंद्राने १,२०० कोटी आगाऊ दिले आणि जानेवारी २०२० मध्ये मंजुरी आली १,८६९.८५ कोटींची. लोक विचारतात, पस्तीस हजारांचे दोन हजार कसे झाले? उत्तर त्या दरतक्त्यातच आहे. तो रस्ता, पूल, शाळा, घर यांचे खरे मोल धरतच नाही. पूर असो की दुष्काळ, हिशोब तोच. २०२३ ला २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळी जाहीर झाले, राज्याने १८,१७१ कोटी मागितले, सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, आणि २०२४ च्या एप्रिलअखेर सुमारे ३,४५४ कोटी सुटले. तोवर पुढचा पेरणीचा हंगाम तोंडावर आला होता.

ही वरची लढाई खासदार-आमदारांची आहे. आपली लढाई खाली आहे, आणि ती पूर ओसरल्यावरच्या पहिल्या पंधरा दिवसांत हरली किंवा जिंकली जाते. मला आज खरे बोलायचे आहे ते यावर.

पाणी उतरले की तलाठी, पंचायतीचा माणूस आणि अभियंता गावात येतात. पंचनामा होतो. घर अ, ब की क, हे तिथेच ठरते. २०१९ ला अ वर्गाला पाच लाख होते आणि क वर्गाला पन्नास हजार. ब वर्गाची रक्कम पुढे वाढवण्यात आली, ते वेगळे. एका अक्षरावर साडेचार लाखांचा फरक! आता आपली माळवदी घरे आठवा. मातीच्या भिंती, वर मातीचे धाबे. अशी भिंत पाण्यात असताना पडतेच असे नाही. पाणी उतरते, ऊन पडते, भिंत बाहेरून वाळते, आत ओलीच राहते, आणि आठ-दहा दिवसांनी रात्री धप्पकन बसते. तोवर पंचनामेवाले येऊन 'अंशतः नुकसान' लिहून गेलेले असतात. त्यानंतर अर्जावर अर्ज, आणि यादी बंद झाली म्हणून उत्तर. म्हणून माझे सांगणे, पहिला पंचनामा झाला तरी तहसीलदाराकडे फेरतपासणीचा लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी, आणि भिंतीला तडा दिसला त्या दिवशीच फोटो काढावा. हल्ली प्रत्येकाच्या खिशात फोन असतो. तारीख फोटोतच येते.

२०१९ ची घरबांधणीची रक्कम एकरकमी आली नाही, हेही ध्यानात ठेवा. राजीव गांधी गृहनिर्माण निगमातर्फे हप्त्याहप्त्याने आली. पाया झाला की त्या जागेचा फोटो, मग पुढचा हप्ता. ज्याने पहिला हप्ता दवाखान्यात किंवा सावकाराकडे भरला त्याचा पाया झाला नाही, आणि पाया नाही म्हणून पुढचा हप्ता नाही. अशी खाती आमच्या काउंटरवर आम्ही पाहतो. एक लाख जमा, पंधरा दिवसांत काढलेले, आणि त्यानंतर कोरे पासबुक.

आता जे सांगतो ते आपल्या जुन्या घरांसाठी मुद्दाम सांगतो. रागावू नका. आपल्यातल्या किती जणांच्या गावाकडच्या उताऱ्यावर अजून आजोबांचे नाव आहे? हात वर करायला सांगत नाही. आपण मोठ्या अभिमानाने म्हणतो की आमचे घर एकत्र आहे, वाटण्या झाल्या नाहीत. चांगली गोष्ट आहे. पण मदतीच्या तक्त्यात पिकाला दोन हेक्टरांची मर्यादा आहे, म्हणजे सुमारे पाच एकर. वीस एकर जमीन, म्हणजे आठ हेक्टर, एकाच नावावर असेल तर २०१९ च्या दराने जिरायताचे मिळाले असते ३३,६०० रुपये. चार भावांची पौती खाती होऊन वाटे वेगळे निघाले असते तर १,३४,४०० मिळाले असते. एक लाखाचा फरक, तोही सरकारने फसवले म्हणून नव्हे. आणि खरे म्हणजे ३३,६०० सुद्धा मिळणार नाहीत. हल्ली कर्नाटकात 'फ्रूट्स' क्रमांक लागतो, तो आधारशी जोडलेला असतो, आणि 'परिहार' या संगणक प्रणालीतून पैसा थेट आधार जोडलेल्या खात्यात पडतो. आजोबांना वारून चाळीस वर्षे झाली. त्यांना आधार कुठून आणणार?

महाराष्ट्राने २०२५ च्या मराठवाड्यातल्या अतिवृष्टीनंतर ही मर्यादा तीन हेक्टरांपर्यंत नेली. आपल्या राज्यानेही तसे करावे, ही मागणी आपण जरूर करू. पण उताऱ्यावर जिवंत माणसाचे नाव हवे, त्याला पर्याय नाही.

नावांचा आणखी एक घोळ आहे, तो खास आपला. आपली आडनावे मराठी, लिहिणारा कन्नड, आणि संगणकाची भाषा इंग्रजी. गावाकडे बोलण्यात महाप्राण गळतो. घोरपडे गोरपडे होतात, धोंडीबा दोंडिबा होतो. उताऱ्यावर एक, रेशनकार्डावर दुसरे, आधारवर तिसरे. शेजारच्या माणसाला ठाऊक असते की तिन्ही एकच, यंत्राला ठाऊक नसते. रक्कम परत जाते आणि यादीत 'खाते जुळत नाही' असा शेरा येतो. गावच्या पारावर बसून कुणीतरी सांगतो की बँकवाल्यांनी पैसे खाल्ले. बायकांच्या बाबतीत तर माहेरचे नाव, सासरचे नाव, कधी नुसतेच 'बाई' लावलेले. ही दुरुस्ती पूर येण्याआधी करता येते. पुरात कागद वाहून गेल्यावर तीच दुरुस्ती सहा महिने घेते.

बँकांविषयी बोललो नाही तर आपण म्हणाल, हा आपल्याच माणसांना झाकतो. तेव्हा बोलतो. २०२४ ला दुष्काळाची मदत खात्यात पडली आणि ठिकठिकाणी ती थकलेल्या कर्जात वळती झाल्याच्या तक्रारी आल्या. सरकारला बँकांना बजावावे लागले. माझ्या मते हे अन्यायाचे आहे. मदत खाण्यासाठी आणि बियाण्यासाठी असते. ज्याच्या खात्यावर असे झाले त्याने तोंडी भांडू नये. शाखेत लेखी अर्ज द्यावा, उत्तर नाही आले तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रत पाठवावी. लेखी कागद आला की आमच्याकडे फाईल उघडावीच लागते.

उलट बाजूही आहे, जी फार थोड्यांना ठाऊक आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या निर्देशांनुसार पिकाचे ३३ ते ५० टक्के नुकसान असेल तर पीककर्जाची मुदत दोन वर्षांपर्यंत वाढवता येत असे, आणि ५० टक्क्यांहून अधिक असेल तर पाच वर्षांपर्यंत. दोन्हीत पहिले वर्ष हप्ता नसे. मात्र आपत्तीच्या दिवशी ते खाते थकीत नसावे लागे. बेघर झालेल्याला पूर्ण कागदपत्रांशिवाय छोटे खाते उघडून देण्याची सोयही त्यात होती. ही सवलत आपोआप लागत नसे, मागावी लागे. आणि निवडणुकीआधी कर्जमाफी येईल म्हणून दोन वर्षे हप्ता न भरणारा शेतकरी नेमका इथेच बाद होत असे. कर्जमाफीच्या घोषणांनी जेवढे नुकसान केले तेवढे बेण्णीहळ्ळाने केले नसेल, असे मला कधीकधी वाटते. असो. पीक विम्यात स्थानिक आपत्तीची खबर ७२ तासांत द्यावी लागते. आपण हुबळीत, चुलतभाऊ गावात, पाणी शेतात, आणि फोन करायचा कुणी यातच तीन दिवस जातात.

सीमेपलीकडे काय होते तेही पाहू. कृष्णा, पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा यांना राज्याची सीमा माहीत नाही. २०१९ ला शिरोळ बुडाले तेव्हा इकडे चिक्कोडी-निपाणीकडची गावेही बुडाली, कल्लोळ-यडूरचा पूल पाण्याखाली गेला. भाऊ त्या काठाला, बहीण या काठाला. तिकडे महाराष्ट्र सरकारने खेड्यात दहा हजार आणि शहरात पंधरा हजार दिले, त्यातले पाच हजार रोख आणि बाकीचे खात्यात. त्याआधीच्या आदेशात घर दोन दिवस पाण्यात असण्याची अट होती आणि त्यावर केवढा गदारोळ झाला! पण ती अट तिथल्या कारकुनाने शोधून काढलेली नव्हती. तीही दिल्लीच्या तक्त्यातली. 'दोन दिवसांहून अधिक' हे शब्द तिथे छापील आहेत. जणू पहिल्या दिवशी पाण्यात गेलेले धान्य दुसऱ्या दिवशी वाळून पुन्हा पोत्यात भरता येते. हे वाक्य तक्त्यातून जायला हवे. दोन्हीकडच्या खासदारांनी मिळून मागितले तर ते जाईल. सीमाप्रश्नावर त्यांचे एकमत होणार नाही, यावर व्हायला हरकत नसावी.

निपाणी-चिक्कोडीकडच्या मराठी शेतकऱ्यापुढे पंचनामा येतो तो कन्नडमध्ये. तो सही करतो किंवा अंगठा देतो, आत काय लिहिले ते पुढे रक्कम आल्यावर कळते. आपण धारवाडकडचे लोक दोन्ही भाषा सहज वाचतो. शाळा कन्नड, घर मराठी. ही आपली कमाई आहे. ती अशा वेळी उपयोगी पडली पाहिजे.

२००९ चा अनुभवही सांगायला हवा. त्या वर्षी सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला उत्तर कर्नाटकात दोनशेहून अधिक माणसे गेली. पंतप्रधान मनमोहन सिंग येऊन पाहून गेले, १,००० कोटी जाहीर झाले. 'आसरे' योजनेत देणगीदारांच्या मदतीने नवी गावे वसवण्यात आली. हेतू चांगला होता. पण नवे घर शेतापासून लांब, गोठ्याला जागा नाही, आणि काही ठिकाणी हक्कपत्रही हातात नाही. मग माणसे नदीकाठच्या जुन्या घरी परतली. दहा वर्षांनी मलप्रभा पुन्हा त्यांच्या उंबऱ्यावर आली. आता पुनर्वसन झालेल्याला पुन्हा मदत द्यायची का, असा प्रश्न कचेरीत विचारला जातो. म्हैस कुठे बांधायची, हा प्रश्न २००९ ला कुणी विचारला असता तर आज तो प्रश्न पडला नसता.

माझे बोलणे लांबले. कार्यकारिणीपुढे मी तीन गोष्टी लेखी दिल्या आहेत. राज्याच्या जादा मदतीचा दर घोषणेने नव्हे तर आदेशाने कायमचा ठरवावा, पंचनाम्याची यादी पंधरा दिवसांच्या आत पंचायतीच्या भिंतीवर लावावी, आणि भिंती उशिरा पडणाऱ्या मातीच्या घरांसाठी महिन्याभराने दुसरी पाहणी सक्तीची करावी. हा ठराव मंजूर झाला तर त्याच्या प्रती धारवाड, गदग आणि बेळगाव, तिन्ही जिल्हाधिकाऱ्यांना जाव्यात, आणि तिथल्या खासदारांनाही.

मागच्या टेबलावर पौती खात्याच्या अर्जाचे नमुने ठेवले आहेत. कन्नड अर्ज आहे, शेजारी मराठीत कुठे काय भरायचे ते लिहिले आहे. मृत्यूचा दाखला, वंशावळ आणि चालू उतारा लागेल. पुढचे चार रविवार सकाळी दहा ते बारा मी आणि आमचे दोन सेवानिवृत्त मित्र इथे बसणार आहोत. येताना गावाकडच्या चुलतभावाला बरोबर आणा, कारण त्याची सही लागेल.